काच काढलेला कॅमेरा

माझ्या बहिणीचं लग्न मी स्वतः जुळवलेल्या कॅमेऱ्यानं टिपलं, आणि त्याच कॅमेऱ्यापायी तिच्या सासरचे लोक तिला घरात ठेवायला तयार होईनात. हे असं एका दमात सांगितलं की ऐकणारे हसतात. हसा. त्या दिवसांत मी मात्र भीतीनं अर्धा झालो होतो. आणि ती भीती सगळी दुसऱ्यांची नव्हती, बरीचशी माझी स्वतःची होती, हे कबूल करायला मला इतकी वर्षं लागली.

साल सत्त्याण्णव. बारामतीत माझं टीव्ही आणि व्हीसीआर दुरुस्तीचं दुकान होतं. मी नागेश. घर पिंपळीला. आज्यापर्यंत आमच्यात मेंढरं होती. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, ती विकून ऊस लावला, आणि मी उसाकडं पाठ फिरवून सोल्डरिंगची कांडी हातात धरली. आयटीआयचं एक वर्ष, बाकी सगळी स्वतःची अक्कल. ह्या अकलेचा मला फार माज होता. कुणी नवा टीव्ही आणला की मी आधी त्याचं मागचं झाकण उघडून बघायचो.

त्या साली जळोचीच्या भंगारवाल्याकडं एका बंद पडलेल्या कारखान्याचं सामान आलं. त्यात चार कॅमेरे होते. वॉचमनला केबिनमध्ये बसल्या बसल्या गेट दिसावं म्हणून भिंतीवर लावायचे असतात ते. ब्लॅक अँड व्हाइट, मुठीएवढे, मागून दोन वायरी निघालेल्या. एक वीज आत नेणारी आणि एक चित्र बाहेर काढणारी. भंगारवाला ते ॲल्युमिनियमच्या ढिगात टाकणार होता. मी दोन्ही हातांनी उचलले.

डोक्यात लगेच सगळं जुळलं. ट्रॅव्हल्सच्या एका मोडक्या बसमधला, गाडीच्या बॅटरीवर चालणारा व्हीसीआर माझ्याकडं पडून होता, आणि तो रेकॉर्डिंगही करायचा. तो एका खांद्यावरच्या पिशवीत घातला, त्याच्याशेजारी स्कूटरची बॅटरी, आणि कॅमेरा एका फळीला ठोकून दुसऱ्या खांद्यावर. झाला चालता-फिरता व्हिडिओ. वजन असं, की अर्ध्या तासात कंबर मोडायची. शिवाय डोळा लावून बघायची सोय नव्हती. समोर अंदाजानं रोखायचं, आणि काय आलं ते नंतर टीव्हीला जोडून बघायचं. पण बारामतीत असलं यंत्र कुणाकडं नव्हतं, आणि मला तेवढंच पुरेसं होतं.

एकच खोट होती. घरात, लाइटच्या उजेडात चित्र काळपट यायचं. मी कॅमेरा उघडला. भिंगाच्या मागं, चित्र टिपणाऱ्या चिपच्या अगदी पुढं, नखाएवढी एक निळसर काच बसवलेली होती. चिमट्यानं ती काढली आणि चित्र एकदम लख्ख झालं. कंपनीवाल्यांना अक्कल नाही, असं मी मोठ्यानं म्हणालो. काच कुठं पडली तेही बघितलं नाही.

छकुलीचं लग्न वैशाखात होतं, गोरज मुहूर्तावर. छकुली माझी धाकटी बहीण, एकोणीस वर्षांची. दहावी पास, आणि हसायला लागली की थांबायची नाही अशी. नवरा सिद्धू, इंदापूर तालुक्यातला, निमगावच्या पुढं कालव्याकडेच्या वस्तीवरचा. ट्रॅक्टर चालवायचा. बोलायचा कमी, पण माणूस सरळ. गावातले शूटिंगवाले त्या तारखेला सगळे अडकलेले होते. मी म्हटलं, "कशाला पाहिजेत ते? मीच काढतो." दोन मोठे हॅलोजन लावले, फळी खांद्यावर घेतली आणि अक्षता पडेपर्यंत घामानं निथळलो.

दुसऱ्या दिवशी पाठवणीच्या वेळी छकुलीचे सासरे सर्जेराव म्हणाले, "कॅसेट आत्ताच द्या पाव्हणं. वस्तीवर सगळ्यांनी मिळून बघू." सकाळी मी सुरुवातीची दहा मिनिटं बघितली होती. देवळापुढं लांबून दिसणारी नवरदेवाची मिरवणूक, झाडं जरा पांढरट. ऊन असेल, असं वाटलं. मी छाती फुगवून कॅसेट दिली.

पुढचं मी पाहिलं नाही, छकुलीनं नंतर सांगितलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी अंगणात टीव्ही मांडला. सगळी वस्ती जमली. आधी लोक खूप हसले, कारण सर्जेरावांचा टेरिलीनचा काळा कोट टीव्हीत पांढराशुभ्र दिसत होता. मग लग्न लागलं आणि कॅमेरा छकुलीजवळ आला. तिचा हिरवागार शालू पांढरा. कपाळावर कुंकू नाही. मळवट भरलेला होता, भांगापर्यंत, पण टीव्हीत कपाळ स्वच्छ पुसलेलं. पांढऱ्या लुगड्यातली, मोकळ्या कपाळाची बाई सिद्धूच्या गळ्यात हार घालत होती.

एक म्हातारी उठली आणि आपल्या सुनेला दंडाला धरून घरी घेऊन गेली. तिच्यामागं दुसरी उठली. तानूबाईनं, छकुलीच्या सासूनं, टीव्ही बंद केला, पण ती सुनेला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं छकुली म्हणाली.

आठ दिवसांनी कालव्याच्या वळणावर सिद्धूची ट्रॉली उलटली. तो बाजूला फेकला गेला म्हणून वाचला. खांद्याचं हाड मोडलं. त्या दिवसापासून छकुलीचं अंथरूण आतल्या खोलीत गेलं. नवऱ्याला जेवण वाढायचं नाही, पाणी द्यायचं नाही. आणि रोज सकाळी उठल्या उठल्या तानूबाई तिची हनुवटी धरून कपाळ उजेडाकडं करायची, कुंकू जाग्यावर आहे का ते बघायची आणि अंगठ्यानं अजून ठसठशीत करायची. छळ म्हणून नाही, भीतीनं.

मग आमच्याकडं निरोप आला. येत्या रविवारी या आणि पोरीला घेऊन जा. निरोपाबरोबर कॅसेटही आली. तिला काळा दोरा बांधलेला होता.

दुकानाचं शटर अर्धं ओढून मी ती कॅसेट लावली. मला वाटलं होतं, लोकांनी बाऊ केलाय. पण बहीण पडद्यावर तशीच आली. रिवाइंड केलं, परत बघितलं. व्हीसीआरचं हेड साफ केलं, टीव्ही बदलला. तेच. छकुली हसत होती, आणि तिच्या कपाळावर काही नव्हतं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही असं मी तोवर सांगत फिरायचो. त्या दिवशी कॅसेट बाहेर काढताना मी तिला हात लावायला घाबरलो.

दुसऱ्या दिवशी मी माधव सरांकडं गेलो. ते फिजिक्स शिकवायचे आणि त्यांचा टीव्ही मीच दुरुस्त करायचो. त्यांनी कॅमेरा बघितला, कॅसेट बघितली आणि विचारलं, "ह्यातली निळी काच कुठंय?"

मी सांगितलं.

"तिथंच घोटाळा केलास," ते म्हणाले. "आपल्या डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाश असतो, तांबड्याच्या पलीकडचा. हॅलोजनमध्ये तर तो भरपूर. ह्या चिपला तो दिसतो, म्हणून ती काच लावलेली होती. त्या प्रकाशात बरेचसे कापडाचे रंग पांढरे दिसतात, आणि कुंकू कातडीइतकंच उजळ दिसतं. वेगळं कळतच नाही. सगळ्या बायकांचं बघ ना."

मी बघितलं. खरंच, गर्दीतल्या एकाही बाईच्या कपाळावर कुंकू नव्हतं. वस्तीवर हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण सगळे नवरीकडं बघत होते. माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, "सर, ती कॅसेट आता तिथं कुणी घरात घेणार नाही. रविवारी तुम्ही चला. वहिनींना घेऊन चला. सुधावहिनी कॅमेऱ्यापुढं दोन मिनिटं बसल्या की तिथल्या बायकांना पटेल."

सर हसले. मग आतल्या खोलीकडं बघितलं. "सुधाचं काही नाही रे," ते म्हणाले, "पण सध्या तिची आई आलीय राहायला. उगाच त्यांना… तू दुसरं कुणीतरी बघ." दारापर्यंत आले आणि मला परत एकदा त्या प्रकाशाबद्दल सगळं समजावून सांगितलं.

रविवारी ट्रॅक्स गाडी भाड्यानं घेतली. मी चालवायला, शेजारी आबा, मागं आई आणि यंत्र. आबांचा दमा तेव्हा वाढलेला होता. उन्हाळ्यातसुद्धा छातीत शिट्टी वाजायची. "तुमी नका येऊ," मी म्हटलं होतं. "पोरीचा बाप हाय मी," ते म्हणाले आणि पुढं जाऊन बसले.

वस्तीवर गेलो तर सर्जेराव पागोटं बांधून ओट्यावर बसलेले. भावकीतले पाच-सहा बाप्ये, आणि दाराआड बायका. सिद्धू खांदा बांधून खाटेवर. छकुली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मी नजर यंत्राकडं वळवली. पिशवी भरलेली दिसली तिच्या पायाशी.

"तात्या," मी म्हटलं, "घेऊन जायच्या आधी माझं एवढं बघा. दोष पोरीत न्हाय, माझ्या कॅमेऱ्यात हाय. मी आत्ता दाखवतो."

"दाखवा," सर्जेराव म्हणाले.

त्यांच्याच टीव्हीला मी कॅमेरा जोडला, हॅलोजन लावला. आधी काळी छत्री उघडून धरली. टीव्हीत छत्री पांढरी. बाप्ये वाकून बघू लागले. सिद्धूसुद्धा खाटेवर उठून बसला. मी म्हटलं, "बघितलं? पोरीचा शालू असाच झाला."

"छत्रीला नवरा नसतोय, पाव्हणं," दाराआडून तानूबाई म्हणाली.

मग मी करंड्यातलं कुंकू घेऊन माझ्या कपाळावर चांगलं बोटभर ओढलं आणि कॅमेऱ्यापुढं बसलो. टीव्हीत माझं कपाळ कोरं. कुणीतरी "आयला" म्हणालं. सर्जेरावांनी माझ्याकडं बघितलं, टीव्हीकडं बघितलं, परत माझ्याकडं. मला वाटलं, जिंकलो.

"बाप्याच्या गंधाचं काय जातंय?" तानूबाई आता दारात आली होती. "बाईमाणसाचं दाखवा. जिचा नवरा जित्ता हाय तिचं. सगळ्यांचंच जात आसंल तर मी सुनंचे पाय धरंन."

"मग मावशी, तुमीच बसा की."

ती दोन पावलं मागं सरली. "माझं कुंकू मी त्या डबड्यापुढं न्हाय मांडणार."

मी दाराआडच्या बायकांकडं बघितलं. एकेक करून पदर पुढं ओढले गेले. मी म्हटलं, "कुणीबी बसा. दोन मिन्टं." एक बाई तर लगेच आत निघून गेली. मला संताप आला. मनातल्या मनात मी त्या सगळ्यांना अडाणी ठरवलं, अगदी मोठ्या तोऱ्यात. एका पोरीचा जन्म वाया जायची वेळ आली होती आणि ह्यांना कपाळाची पडली होती.

"मी बसते," आई म्हणाली.

आईचं नाव सारजा. साठीला टेकलेली, आयुष्यभर मेंढरांमागं आणि उसात राबलेली. तिनं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि कपाळावर रोजचं कुंकू होतं, त्याच्याखाली लहानपणी गोंदलेले तीन ठिपके. तिनं आबांकडं बघितलं.

"बस की," आबा म्हणाले. "मला काय धाड भरलीय?"

आई पाटावर बसली. आबा तिच्या मागं, भिंतीला टेकून. सगळे उठून उभे राहिले. तानूबाईसुद्धा दारातून पुढं आली. मी म्हटलं, "थांबा, भिंग नीट करू द्या, मग टीव्ही तुमच्याकडं फिरवतो." टीव्हीचं तोंड मी माझ्याकडं केलं. त्या घटकेला पडद्यावर काय आहे ते फक्त मला दिसत होतं.

भिंग फिरवता फिरवता धुरकट चित्र स्वच्छ झालं. आईचं लुगडं पांढरं होतं. कपाळावर कुंकू नव्हतं. आणि गोंदण तसंच होतं, तीन काळे ठिपके, मूळ जागेवर. छकुलीच्या वेळी मला एवढं भ्यायला झालं नव्हतं. छकुलीचं कपाळ कोरं आलं तेव्हा ती परकी कुणीतरी दिसत होती. इथं गोंदणामुळं ती माझी आई होती, अगदी माझीच आई, आणि उद्या ती कशी दिसेल ते मी आज बघत होतो. माधव सरांनी सांगितलेला सगळा प्रकाश मला पाठ होता. चिप, काच, हॅलोजन, सगळं.

मागं आबांना खोकल्याची उबळ आली. पडद्यावर तिच्या पांढऱ्या खांद्यामागं आबा वाकले आणि चौकटीच्या बाहेर गेले. तिथं नुसती भिंत उरली.

मी टीव्हीमागं हात घातला आणि वायर उपटली.

"काय झालं?" सर्जेरावांनी विचारलं.

"गेलं," मी म्हणालो. "चित्र गेलं. आतलं काहीतरी जळलं बहुतेक."

मी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, उगाच आत फुंकर मारली, दोन स्क्रू काढून परत बसवले. कुणाला काही कळत नव्हतं, पण सगळे बघत होते. आबांचा खोकला थांबला होता. ते भिंतीला टेकून नीट बसले होते. आई पाटावर तशीच बसून म्हणाली, "दिसलं का रं?"

"न्हाय," मी म्हटलं. "काय दिसलंच न्हाय."

तानूबाईच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. ती उलट जास्तच भ्याली. "बघा," ती नवऱ्याला म्हणाली, "दुसरीचं दाखवायला गेलं तर यंत्रच जळलं. तिचं तेवढं दाखवतंय." तिनं आमच्यापुढं हात जोडले. "माझा एकुलता एक हाय हो. पोरगी गुणाची हाय, मी वंगाळ न्हाय म्हणत. पर न्या तिला. पाया पडते तुमच्या."

सिद्धूनं मोडक्या खांद्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. छकुलीनं पिशवी उचलली. सासूच्या पाया पडली. तानूबाईनं डोळे मिटून घेतले, पण पाय मागं घेतले नाहीत.

निमगाव मागं पडलं. आबा पुढं डुलक्या घेत होते. छकुली मागं आईशेजारी, मांडीवर पिशवी. आरशात तिचा चेहरा मला अर्धा दिसत होता.

"दादा," ती म्हणाली, "वायर तू काढलीस."

मी गिअर बदलला.

"मी दारात हुते. मला तुझा हात दिसत हुता. जळलं-बिळलं काय न्हाय, तू वायर काढलीस."

"आईला तसं बघवंना मला," मी म्हणालो. "छकुले, आबांची तब्येत बघतीस ना तू? मला न्हाय बघवलं."

"आईला बघवंना व्हय," ती म्हणाली. रडत नव्हती. "मला आख्ख्या वस्तीनं बघितलं. तवा तूच कॅसेट दिलीवतीस."

आई कधीची ऐकत होती. ती पुढं वाकली आणि माझ्या सीटवर थाप मारली. "नागू, मागं फिरव गाडी."

"आये…"

"फिरव म्हंते ना. मी बसते परत. माझं काय जायाचं आसंल ते जाऊ दे, पोरीचं घर हाय त्ये. आन् ह्या खेपंला तुझे हात लांब ठेव."

समोर मोकळा रस्ता होता. एक कडब्याची बैलगाडी, तिच्या पुढं कालव्यावरचा पूल, आणि पुलाअलीकडं गाडी वळवायला भरपूर जागा. मी वेग कमी केला. आरशात दोघी माझ्याकडं बघत होत्या. शेजारी आबा तोंड उघडं टाकून झोपले होते, आणि त्यांची छाती वर येतेय का ते मी बघत राहिलो. वर आली. खाली गेली. परत वर यायला वेळ लागला, किंवा मला तसं वाटलं.

वळायची जागा मागं गेली. आई सीटला मागं टेकली. छकुलीनं काच खाली करून तोंड बाहेर केलं, आणि मी तसाच सरळ बारामतीकडं गाडी चालवत राहिलो.